कोविड होऊन चार वर्षं झाली, आता जिना चढताना छातीत धडधड होतेय: डी-डायमर करू का?

तुमचा प्रश्न बराच लांब होता, थोडक्यात मांडतो म्हणजे पुढचं उत्तर बाकीच्यांनाही कळेल. तुमचं वय ४१. एप्रिल २०२१मध्ये कोविड, सीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी १४, आठवडाभर ऑक्सिजन, रेमडेसिविर, स्टेरॉइड, पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं, घरी सोडल्यावर महिनाभर गोळ्या. मग सगळं ठीक होतं. दोन महिन्यांपूर्वी तुमचा चुलत भाऊ, वय ३९, बॅडमिंटन खेळताना कोर्टवरच कोसळला आणि गेला. तेव्हापासून तुम्हाला धडधड, जिना चढताना छातीत जडपणा, रात्रीची झोप उडालेली. फॅमिली ग्रुपवर रोज फॉरवर्ड, कोणी म्हणतं कोविडच्या गुठळ्या रक्तात तशाच राहतात, कोणी म्हणतं लसीमुळे. लॅबवाल्याने 'पोस्ट कोविड हार्ट पॅकेज' सुचवलंय. तुम्ही विचारलंत की हृदय खराब झालंय का, डी-डायमर ही गुठळीची रक्ततपासणी करू का, इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनची रक्त पातळ करायची गोळी सुरू करू का, जिम बंद करू का. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंत की एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ६.९ आलाय पण तो स्टेरॉइडमुळे असणार, बीपीची गोळी कोविडच्या वेळी बंद केली ती केलीच, आणि तंबाखू 'बरीच कमी' केलीय.

मी तुमची ती शेवटची ओळच आधी वाचली. तिच्यावर येतोच, पण कोविडने रक्तवाहिन्यांचं काय होतं हे कळल्याशिवाय ती ओळ एवढी महत्त्वाची का ते पटणार नाही. त्याआधी एक तातडीचं. जिना चढताना छातीत जडपणा येतो आणि थांबलं की दोनचार मिनिटांत जातो, असं असेल तर याच आठवड्यात जवळच्या फिजिशियनला किंवा कार्डिऑलॉजिस्टला दाखवा, कोविड झाला होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि तोच जडपणा बसल्या जागी आला, पाचदहा मिनिटांत गेला नाही, घाम फुटला, जबड्यात, पाठीत किंवा हातात चमक गेली तर गॅस झालाय म्हणून सोडा किंवा पँटॉप घेऊन वाट बघायची नाही, १०८ला फोन किंवा सरळ ईसीजी जिथे लगेच निघतो ते हॉस्पिटल, आणि स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

आता कोविड. हा आजार आला तो श्वासाचा म्हणून, आणि सगळ्यांचं लक्ष फुप्फुसावर, स्कोअर किती, ऑक्सिमीटर किती दाखवतोय. पण आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात, आणि कोविडची निम्मी कहाणी तिथे घडते. नॉनस्टिक तव्याचं कोटिंग समजा, ते शाबूत आहे तोवर रक्त चिकटत नाही, गोठत नाही, वाहिनी गरजेप्रमाणे सैल आणि घट्ट होते. हा थर नायट्रिक ऑक्साइड सोडतो म्हणून वाहिनी सैलावते, आणि गुठळी होऊ न देणारी रसायनंही तोच बनवतो. कोविडचा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-टू नावाच्या प्रथिनाला धरून, आणि हे प्रथिन फुप्फुसाशिवाय हृदयात, किडनीत, बारीक रक्तवाहिन्यांना लपेटलेल्या पेशींवरही असतं. एसीई-टूचं एरवीचं काम म्हणजे अँजिओटेन्सिन-टू हा वाहिनी आवळणारा पदार्थ मोडून टाकणं, विषाणूने तेच कमी केलं की वाहिनी आवळलेलीच राहते आणि सूज वाढते. त्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती चवताळलेली असते, इंटरल्युकिन-सिक्स वगैरे रसायनं वाढलेली, पांढऱ्या पेशी स्वतःचंच डीएनएचं जाळं बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात प्लेटलेट अडकतात. मार खाल्लेला एंडोथेलियम गोठवणारे घटक रक्तात सोडतो. या सगळ्याचा निकाल एकच, बारीक बारीक गुठळ्या.

एप्रिल २०२०मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा दाखवलं की विषाणू एंडोथेलियममध्येच दिसतोय आणि तिथे सूज आहे. त्याच वर्षी जर्मनीतल्या एका शवविच्छेदनाच्या अभ्यासात कोविडने गेलेल्यांची फुप्फुसं आणि फ्लूने गेलेल्यांची फुप्फुसं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर कोविडवाल्यांच्या केशवाहिन्यांतल्या गुठळ्या नऊ पट होत्या. नमुने थोडे होते, दोन्हीकडे सात सात, पण वॉर्डात जे दिसत होतं त्याच्याशी ते जुळत होतं.

वॉर्डात काय दिसत होतं ते सांगतो. दुसऱ्या लाटेतली पन्नाशीची एक बाई, ताप गेलेला, एक्सरे सुधारलेला, ऑक्सिजन दोन लिटरवर आणला होता, दुसऱ्या दिवशी घरी सोडायचं ठरलेलं, मुलगा बिल भरायला खाली गेलेला. बाई बाथरूमपर्यंत चालत गेल्या आणि दारातच खाली बसल्या. ऑक्सिमीटर ९५चा ७८, नाडी १४०. फुप्फुस ऐकलं तर आदल्या दिवसापेक्षा चांगलं वाजतंय. एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा प्रोब लावला आणि उत्तर समोर, हृदयाचा उजवा कप्पा फुगून डाव्याला दाबत होता. पायातली गुठळी सुटून फुप्फुसाच्या मोठ्या धमनीत जाऊन बसली होती, पल्मनरी एम्बोलिझम. सुदैवाने बीपी टिकलं, हेपॅरिनवर, म्हणजे रक्त पातळ करायच्या इंजेक्शनवर निभावलं, त्या चालत घरी गेल्या. न्यूमोनिया सुधारतोय आणि पेशंट बिघडतोय असा प्रकार दिसला की तेव्हापासून हात आपोआप एकोच्या मशिनकडे जातो.

पायाच्या धमनीत गुठळी झाल्याच्याही केसेस आल्या, पाऊल गार, पांढरंफटक, बोटांना संवेदना नाही, आणि घरचे म्हणतात अशक्तपणामुळे पाय सुन्न झालाय. तिथे वेळ साधारण सहा तासांची असते, त्यानंतर पाय वाचवणं अवघड. आणि म्युकर आठवत असेल सगळ्यांना, ती बुरशीसुद्धा रक्तवाहिनीतच घुसते, वाहिनी बंद पडते आणि पुढचा भाग मरतो म्हणून तो काळा दिसतो. वाढलेली शुगर, स्टेरॉइड आणि म्युकर हे त्रिकूट महाराष्ट्राने जेवढं पाहिलं तेवढं क्वचितच कोणी पाहिलं असेल.

हृदयाला थेट काय होतं? ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन. वुहानच्या एका हॉस्पिटलमधल्या ४१६ पेशंटचा अभ्यास मार्च २०२०मध्ये आला, त्यात जवळपास वीस टक्के लोकांचं ट्रोपोनिन वाढलेलं होतं, आणि त्यांच्यातले निम्म्याहून जास्त गेले, बाकीच्यांतले साडेचार टक्के. पण ट्रोपोनिन वाढलं म्हणजे हार्ट अटॅकच असं नाही. ऑक्सिजन ८० आणि नाडी १३० असेल तर स्नायू उपाशीच राहतो, त्यानेही वाढतं. केशवाहिन्यांतल्या गुठळ्यांनी वाढतं. उजव्या कप्प्यावर ताण आला तरी वाढतं. धमनीतला जुना चरबीचा थर फुटून गुठळी झाली तर तो मात्र खरा अटॅक. आणि स्नायूलाच सूज आली तर मायोकार्डायटिस, ज्याचं नाव सगळ्यात जास्त गाजलं आणि जो शवविच्छेदनात त्यामानाने कमी सापडला.

मायोकार्डायटिसच्या भीतीचं मूळ एका एमआरआयच्या अभ्यासात आहे. जुलै २०२०मध्ये फ्रँकफर्टहून बातमी आली की कोविडमधून बरे झालेल्या १०० पैकी ७८ जणांच्या हृदयाच्या एमआरआयमध्ये काहीतरी बदल दिसले. जगभर हेडलाइन. नंतर त्या पेपरमधले काही आकडे दुरुस्त करावे लागले, ते कोणी छापलं नाही फारसं. पुढे लंडनमध्ये सौम्य कोविड झालेल्या हॉस्पिटल कर्मचाऱ्यांचे सहा महिन्यांनी एमआरआय केले आणि शेजारी कोविड न झालेले सहकारीही घेतले, तर दोन्ही गटांत फरक नव्हता. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले ७८९ खेळाडू तपासले त्यात पाच जणांना सूज सापडली, म्हणजे एक टक्क्याच्याही आत. सौम्य कोविड झालेल्या तरुण माणसाचं हृदय आतून सडत बसलंय ही कल्पना डोक्यातून काढून टाका.

लहान मुलांचा प्रकार वेगळा, एमआयएस-सी, कोविडनंतर दोन ते सहा आठवड्यांनी ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, आणि हृदयाच्या धमन्या फुगणं. ज्या मुलांच्या धमन्या तेव्हा फुगल्या होत्या त्यांचा एको फॉलोअप सोडू नका. बाकीच्यांनी आता काळजी करायचं कारण नाही.

मग तुमचा खरा प्रश्न, हे किती दिवस टिकतं. इथे आकडे चांगले आहेत आणि ते नीट वाचायला हवेत, कारण फॉरवर्डवाले त्यातला अर्धाच भाग उचलतात. इंग्लंड आणि वेल्समधल्या ४ कोटी ८० लाख लोकांच्या नोंदींवर केलेला अभ्यास २०२२मध्ये आला. कोविडचं निदान झाल्यापासून पहिल्या आठवड्यात धमनीतल्या गुठळीचा, म्हणजे मुख्यतः हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसचा धोका जवळपास २२ पट. शिरेतल्या गुठळीचा ३३ पट. मग उतरत उतरत सहा महिन्यांनंतरच्या टप्प्यात धमनीचा १.३ पट आणि शिरेचा १.८ पट. म्हणजे डोंगर पहिल्या काही आठवड्यांचा, नंतर लांबच लांब उतार, पण सहा महिने ते वर्षभर तरी तो सपाट शून्यावर येत नाही.

दुसरा मोठा अभ्यास अमेरिकेतल्या माजी सैनिकांचा, दीड लाखाहून जास्त कोविड पेशंट, पहिले ३० दिवस जगलेले. वर्षभरात हार्ट फेल्युअर ७२ टक्के जास्त, हार्ट अटॅक ६३ टक्के जास्त, पॅरालिसिस ५२ टक्के जास्त, आणि घरीच बरे झालेल्यांमध्येही वाढ होती, फक्त कमी. ६३ टक्के वाचून पोटात गोळा येतो ना? आता तोच आकडा दुसऱ्या तऱ्हेने: वर्षभरात हजार माणसांमागे साधारण तीन जादा अटॅक. दोन्ही आकडे खरे आहेत. आणि तो गट बहुतेक साठीच्या पुढेमागे असलेल्या पुरुषांचा होता, तो तुमच्यावर जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

तिसरा अभ्यास तुमच्या जास्त जवळचा, यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्यनोंदींच्या मोठ्या साठ्यावरचा, २०२४मध्ये आलेला. २०२०मध्ये, म्हणजे लस येण्याआधी कोविड झालेल्या सुमारे दहा हजार जणांना जवळजवळ तीन वर्षं पाहिलं. अटॅक, पॅरालिसिस किंवा मृत्यू यांचा धोका साधारण दुप्पट राहिला, आणि ॲडमिट झालेल्यांमध्ये जवळपास चौपट. त्यात एक गंमतशीर गोष्ट, ॲडमिट झालेल्यांत ए, बी किंवा एबी रक्तगटवाल्यांचा अटॅक-पॅरालिसिसचा धोका ओ गटवाल्यांपेक्षा जास्त दिसला. तुम्ही ॲडमिट होतात, ऑक्सिजनवर होतात, त्यामुळे 'मला कोविड झाला होता' हे वाक्य तुमच्या बाबतीत घरी तीन दिवस ताप आलेल्या माणसापेक्षा वजनदार आहे, हे मी लपवणार नाही. नवीन डॉक्टरकडे गेलात की शुगर-बीपीबरोबर हेही सांगायचं, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवलं असेल तर उत्तमच.

रक्तवाहिन्या कडक होतात का, यावरही काम झालंय. १६ देशांतल्या २३९० लोकांच्या नाडीच्या लहरीचा वेग मोजला, वाहिनी जितकी कडक तितकी लहर वेगाने पळते. कोविड झालेल्या बायकांमध्ये वाहिन्या साधारण पाच वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारखा फरक दिसला, आयसीयूत राहिलेल्यांत त्याहून जास्त, पुरुषांमध्ये मात्र फारसा नाही. लस घेतलेल्यांमध्ये फरक कमी होता, आणि नंतरच्या तपासणीत हा कडकपणा वाढत न जाता स्थिरावलेला दिसला.

हे सगळं कोविडनेच पहिल्यांदा केलं असंही नाही हां. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये २०१८मध्ये दाखवलं होतं की फ्लूचं निदान झाल्यापासून सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सहा पट असतो. कुठलंही जबरी इन्फेक्शन आलं की धमनीतला जुना थर भडकतो. न्यूयॉर्कमध्ये कोविडने गेलेल्या आठ जणांच्या हृदयाच्या धमन्या तपासल्या तेव्हा विषाणूचे अंश त्या चरबीच्या थरातल्याच पेशींत जास्त सापडले. म्हणजे जिथे आधीच थर साचलाय तिथे कोविड मुक्कामाला जातो. थर कशाने साचतो ते तुम्हाला माहीत आहे.

आता लस, कारण हे टाळून पुढे गेलो तर तुमच्या ग्रुपवर मला शिव्या पडतील. आपल्याकडे मुख्यतः कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दिली. एमआरएनए लसींनी, म्हणजे फायझर-मॉडर्नाच्या लसींनी, तरुण मुलांमध्ये क्वचित मायोकार्डायटिस होतो हे खरं, पण त्या लसी आपल्याकडे जवळपास कोणी घेतल्याच नाहीत. कोविशील्डने फार क्वचित गुठळ्या आणि प्लेटलेट कमी होणं हा प्रकार होतो हेही खरं, आपल्या सरकारी समितीनेच मे २०२१मध्ये सांगितलं की दहा लाख डोसमागे ०.६१ अशा संशयित केसेस आल्या. २०२४मध्ये कंपनीने लंडनच्या कोर्टात हेच मान्य केलं तेव्हा आपल्याकडे बातमी नव्यासारखी फुटली. पण तो प्रकार डोसनंतर चारपाच दिवस ते सहा आठवडे एवढ्यातच होतो, २०२१चा डोस २०२५मध्ये गुठळी करत नाही. तरुणांच्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआरने देशभरातल्या ४७ हॉस्पिटलांतून अभ्यास केला, १८ ते ४५ वयाचे ७२९ मृत्यू आणि त्यांच्याशी ताडून पाहायला २९१६ जिवंत माणसं. लसीने धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत उलट कमी. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: कोविडसाठी ॲडमिट झालेलं असणं, घरात कोणाचा अचानक मृत्यू, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत भरमसाट दारू, नशेचे पदार्थ, आणि त्याच ४८ तासांत अंगाबाहेरचा व्यायाम. यातल्या पहिल्या दोन तुम्हाला लागू होतात, म्हणून उरलेल्या तीन तुम्ही टाळायच्याच आहेत.

धडधडीबद्दल. कोविडनंतरच्या पहिल्या वर्षात एक प्रकार खूप दिसला, पॉट्स म्हणतात त्याला. आडवं असताना नाडी ठीक, उभं राहिलं की पळत सुटते, डोळ्यांपुढे अंधारी, थकवा, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल म्हणून घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. बहुतेक तरुण मुली-बायका. तपासणी फुकटची आहे. पाच मिनिटं आडवं झोपवून नाडी आणि बीपी घ्यायचं, मग भिंतीजवळ उभं करून दहा मिनिटं दर मिनिटाला मोजायचं, पेशंटने पाय हलवायचे नाहीत, गप्पा मारायच्या नाहीत. एका शाळामास्तरीणबाईंची नाडी आडवी ७४, उभ्या राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला १०४, आठव्याला ११८, बीपी तिथल्या तिथे. ३० किंवा जास्तने वाढली, दहा मिनिटांच्या आत, बीपी न पडता, आणि त्रास महिनोन्‌महिने चाललाय, तर निदान पक्कं होत जातं. पाणी वाढवायचं, बीपी नसेल तर मीठ वाढवायचं, कमरेपर्यंतचे घट्ट मोजे, बसून किंवा आडवं होऊन करायचे व्यायाम, लागलीच तर थोड्या डोसची गोळी. बहुतेक जण हळूहळू सुधारतात. तुमची गोष्ट मला तशी वाटत नाही, तुमची धडधड कोविडनंतर चार वर्षांनी आणि भावाच्या तेराव्यानंतर सुरू झालीय, त्यात भीतीचा वाटा असणारच आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ४१ वर्षांच्या तंबाखू खाणाऱ्या, शुगर वाढलेल्या माणसाला कुठलाही शहाणा डॉक्टर तपासल्याशिवाय 'टेन्शन आहे' म्हणून परत पाठवणार नाही.

डी-डायमर करू नका. म्हणजे आत्ता, अशा तऱ्हेने करू नका. गुठळी विरघळते तेव्हा तिचे तुकडे रक्तात येतात ते डी-डायमर, काही तासांत ते निम्म्यावर येतात, त्यामुळे २०२१च्या गुठळीचा २०२५मध्ये त्यातून काही पत्ता लागत नाही. सर्दी-ताप, मार, ऑपरेशन, गरोदरपण, नुसतं वाढलेलं वय, कशानेही तो वाढतो. पाय सुजलाय किंवा अचानक दम लागलाय तेव्हा तो उपयोगी, ठणठणीत माणसाच्या पॅकेजमध्ये तो फक्त पुढच्या टेस्टचं गिऱ्हाईक तयार करतो. त्या पॅकेजमधल्या निम्म्या तपासण्या अशाच आहेत.

इकोस्प्रिनही स्वतःहून नको. ॲडमिट झालेल्या पंधरा हजार कोविड पेशंटवर ब्रिटनमध्ये ॲस्पिरिन देऊन पाहिलं, मृत्यू कमी झाले नाहीत. हेपॅरिनचा पूर्ण डोस मध्यम आजारी लोकांना उपयोगी पडला, व्हेंटिलेटरच्या दारात पोचलेल्यांना नाही. घरी सोडल्यावर महिनाभर रक्त पातळ करायची गोळी देणं जास्त धोक्याच्या निवडक पेशंटमध्ये फायद्याचं ठरलं, म्हणजे तुम्हाला तेव्हा दिली ती योग्यच होती आणि तिचं काम तेव्हाच संपलं. आज कारण नसताना रक्त पातळ केलंत तर पोटातला रक्तस्राव विकत घ्याल. तपासणीत ब्लॉकेज निघालं तर इकोस्प्रिन डॉक्टर स्वतःच लिहितील.

आता ती ओळ. चार वर्षांपूर्वी घेतलेल्या स्टेरॉइडने आज शुगर वाढत नाही. एचबीएवनसी गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगतो, स्टेरॉइडचा परिणाम बंद केल्यावर काही दिवस-आठवड्यांत ओसरतो. ६.५ किंवा त्याच्या वर गेला, पुन्हा तपासून तसाच आला की त्याचं नाव डायबेटिस. कोविडनंतर नव्याने डायबेटिस होण्याचं प्रमाण त्याच माजी सैनिकांच्या नोंदींत ४० टक्के जास्त निघालं होतं, त्यामुळे कोविडने तुम्हाला काय दिलं असं विचाराल तर माझं बोट हृदयापेक्षा आधी इथे जाईल. म्हणजे चार वर्षं तुमच्या त्या एंडोथेलियमवर रोज साखर घासली जातेय आणि तुम्ही ती स्टेरॉइडच्या खात्यावर टाकून मोकळे झालात.

बीपीची गोळी तुमची टेल्मिसार्टन होती. २०२०मध्ये अफवा होती की या गटातल्या गोळ्यांनी एसीई-टू वाढतं आणि कोविड जास्त होतो, बऱ्याच जणांनी बंद केल्या. ब्राझीलमध्ये ६५९ पेशंटवर ती तपासली, निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची थांबवली, काही फरक पडला नाही. अफवा गेली, तुमची गोळी मात्र परत आली नाही. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा, पाच मिनिटं शांत बसून, आणि ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडे जा. १३०/८०च्या खाली हवं.

तंबाखू 'कमी' करणं हा प्रकार हृदयाला कळत नाही. ओढत नाही, फक्त चुना लावून खातो, असं सगळेच म्हणतात. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात नुसती चघळायची तंबाखूही अटॅकचा धोका दुपटीहून जास्त करताना दिसली. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या, म्हणजे आपल्याकडच्या लोकांचा पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आला, बाकी जगात ५८-५९व्या, आणि हा अभ्यास २००४चा, म्हणजे कोविडचा जन्मही व्हायचा होता. तरुण मुलं अटॅकने जाणं आम्ही तेव्हाही पाहत होतो, फक्त तेव्हा ग्रुप नव्हते.

तर करायचं काय. ईसीजी, टू-डी एको, हिमोग्लोबिन, थायरॉइड, क्रिएटिनिन, उपाशीपोटी लिपिड, एचबीएवनसी पुन्हा, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए हा कोलेस्टेरॉलसारखाच धमनीत थर साचवणारा घटक, कारण तो आनुवंशिक असतो आणि आपल्या लोकांत बऱ्याच घरांत वाढलेला निघतो. धडधड रोज होत असेल तर २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावलेलं ठोके नोंदवणारं मशिन. छातीतला जडपणा श्रमाने येणारा असेल तर डॉक्टर स्ट्रेस टेस्ट किंवा सीटी अँजिओ यातलं एक ठरवतील, आणि ती सीटी तुम्हाला लागलीच तर शुगर, तंबाखू आणि तुमच्या लक्षणांमुळे लागेल, कोविडमुळे नाही. डायबेटिस पक्का झाला तर चाळिशीनंतर स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी बहुतेक सगळ्यांनाच देतात, तुमच्यासारख्याचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७०च्या खाली हवा, रिपोर्टवर शंभरपर्यंत 'नॉर्मल' छापलेलं असतं त्यावर जाऊ नका.

चुलत भावाचं पोस्टमॉर्टेम झालं नाही असं लिहिलंत, त्यामुळे नेमकं कारण आता कळणार नाही. पस्तिशीच्या पुढे असं झालं तर बहुधा धमनीतलं ब्लॉकेजच असतं, पण स्नायू जाड होण्याचा किंवा ठोक्यांच्या विजेचा आनुवंशिक दोषही असू शकतो. म्हणून त्याच्या सख्ख्या भावाबहिणींचा आणि मुलांचा ईसीजी आणि एको करून घ्यायला वहिनींना सांगा, तुमच्यापेक्षा त्यांना त्याची जास्त गरज आहे. काका-काकूंना या फॉरवर्डांपासून लांब ठेवा.

पुन्हा कोविड किंवा फ्लू झाला तर दोन आठवडे सांभाळून, भरपूर पाणी, दिवसभर झोपून न राहता घरात चालणं, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू, आणि ताप असताना व्यायाम अजिबात नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्या, डायबेटिसवाल्याने तर नक्कीच.

जिम. तपासण्या होईपर्यंत सपाटीवर चालणं, इतकं की चालता चालता बोलता यावं, वजनं आणि ट्रेडमिलवरची पळापळ बंद. सगळं नीट निघालं तर सुरू करा, पहिल्या महिन्यात आधीच्या निम्म्या वजनांवर, आदल्या रात्री पार्टी झाली असेल तर सकाळी जिम नाही, आणि ट्रेनरने दिलेली ती 'प्री-वर्कआउट' पावडर घेऊ नका, तिच्यात बहुतेक कॅफिनच ठासलेलं असतं आणि तुमची धडधड आधीच पुरेशी आहे.